बाडा कुणाला विचारून?

ग्वाल्हेरचा महाराज बाडा बघायला गेलात तर गाइड सगळ्यात आधी सांगतो की इथे सात इमारती सात वेगवेगळ्या शैलींच्या आहेत. मग बोट दाखवून मोजणी सुरू होते. गोरखी, विक्टोरिया मार्केट, टाउन हॉल, पोस्ट ऑफिस, स्टेट बँक, सरकारी छापखाना, ग्रंथालय. पाहुणे माना वर करून फोटो काढतात. त्यांच्या पायाशी, अगदी शब्दशः पायाशी, बांगड्या, मोजे, मोबाइलची कव्हरं आणि गजक विकणारी माणसं बसलेली असतात. ती या मोजणीत येत नाहीत. गेली दहा वर्षं हा चौक नव्याने जिवंत करायचं चाललंय, आणि मला पडलेला प्रश्न एवढाच की हे कुणाला विचारून चाललंय.

'विचारलं की!' असं उत्तर मिळतं, आणि ते खोटंही नाही. फॉर्म होते, पोर्टल होतं, बैठका झाल्या. माझं म्हणणं असं आहे की शहराच्या कामात लोकांना विचारणं हा सगळ्यात कठीण भाग असतो आणि आपण तो सगळ्यात घाईत उरकतो. पूल बांधायला इंजिनिअर लागतो हे सगळ्यांना कळतं. प्रश्न विचारायलाही कुणीतरी जाणकार लागतं, हे मात्र कुणाच्या गावी नसतं.

बाडा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. (बाबांच्या बदलीमुळे मी सातवी ते बारावी ग्वाल्हेरला शिकले, घर अजून तिथेच आहे, म्हणून हे सांगायचा थोडा हक्क.) ग्वाल्हेर म्हणजे खरं तर तीन गावं. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, इंग्रजांची छावणी होती ते मुरार, आणि 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला ते लष्कर. तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं. आजही लष्करमध्ये चिटणीस की गोठ आहे, निंबाळकर की गोठ आहे. तिथल्या माझ्या वर्गमैत्रिणींना 'गोठ' म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यांना तो गल्लीचाच एखादा प्रकार वाटायचा. मराठी माणसाला मात्र 'अमक्याच्या गोटात खळबळ' हा मथळा रोज वाचून तो शब्द लगेच कळतो: सरदाराचा तळ, छावणी. कसेरा ओली म्हणजे कासारांची ओळ. हुजरात पुलाच्या नावात धन्याची खास पागा, हुजुरात, अजून उभी आहे. आणि बाडा म्हणजे आपला वाडाच. गोरखीचा राजवाडा या चौकातच आहे, जयविलास बांधून होण्याआधी महाराज तिथे राहत.

वाड्याला चौक असतो आणि चौकात घरातले सगळेच येतात. लष्करचा बाडा तसाच आहे. गोरखीच्या देवघरात शिंदे घराणं ज्यांना गुरू मानतं त्या सूफी मन्सूर शाहांचं स्थान आहे. त्याच गोरखीतल्या शाळेत अटलबिहारी वाजपेयी शिकले. फाळणीनंतर आलेली सिंधी आणि पंजाबी कुटुंबं आसपासच्या बाजारांत दुकानं थाटून बसली, जैन सराफ त्यांच्या कितीतरी आधीपासून होते. भिंड-मुरैन्याकडून रोज सकाळी माणसं येतात आणि रात्री परत जातात. दर वर्षी डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सकाळी ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मग मिलाद होतो, आणि यात काही विशेष आहे असं ग्वाल्हेरात कुणाला वाटत नाही. आम्ही कॅथलिक तिथे मूठभर, पण अगदी उपरे नाही. 1874 चा जयविलास महाल ज्याने उभारला तो सर मायकेल फिलोज कॅथलिक होता, नेपल्सहून येऊन शिंद्यांच्या फौजेत शिरलेल्या घराण्यातला. साहित्यवाल्यांसाठी सांगायचं तर भा. रा. तांबे हे ग्वाल्हेरचे राजकवी, 1941 मध्ये ते तिथेच वारले. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेदहा लाख होती. आता ती किती तरी वाढली असणार, आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी बाड्यावर काही ना काही काम असतंच.

आता विचारण्याची गोष्ट. 25 जून 2015 ला स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं. शहरांची आपसात स्पर्धा लावलेली होती आणि प्रस्तावात नागरिकांशी केलेली चर्चा दाखवावी लागत होती. त्यामुळे त्या काळात देशभर मायगव्हच्या पोर्टलवर मतांचा आणि सूचनांचा पाऊस पडला. ग्वाल्हेरचा नंबर सप्टेंबर 2016 च्या यादीत लागला. नागपूर, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली त्याच यादीत होती, म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचं शहरही याच रांगेतून गेलंय. काम करायला प्रत्येक शहरात एक कंपनी काढली गेली, कंपनी कायद्याखाली नोंदलेली, निम्मी राज्य सरकारची आणि निम्मी महापालिकेची. नगरसेवकाला तुम्ही गल्लीत गाठून जाब विचारू शकता. कंपनीच्या संचालक मंडळाला कुठे गाठणार? मिशन 31 मार्च 2025 ला संपलं. दिवे लागले, फरशा बसल्या, इमारतींची तोंडं उजळली. यातलं पुष्कळ काम चांगलं झालंय, उगाच नाकं मुरडण्यात मला रस नाही. टाउन हॉल मी बंद आणि पोपडे आलेला पाहिलाय, तो आता देखणा दिसतो.

पण फॉर्म. शहरांच्या फॉर्ममधला तो ठराविक प्रश्न तुम्ही कधीतरी वाचला असेल: तुमच्या स्वप्नातलं शहर कसं असावं? खाली चार चौकटी असतात. स्वच्छ, सुरक्षित, हरित, आधुनिक. जास्तीत जास्त दोन निवडा. हा प्रश्न विचारून काय मिळतं? घाणेरडं शहर हवं असं कोण म्हणणार! सगळे स्वच्छवर खूण करतात, आणि मग त्या टक्केवारीच्या आधाराने काहीही करता येतं. फेरीवाले उठवता येतात, कारण 'जनतेने स्वच्छता मागितली होती.' स्वप्नाचा प्रश्न विचारला की माणूस जाहिरातीच्या भाषेत उत्तर देतो. अडचणीचा प्रश्न विचारला की स्वतःच्या भाषेत देतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. नाताळच्या सुट्टीत मी आणि माझी एक शाळेतली मैत्रीण दोन संध्याकाळी एक वही घेऊन बाड्यावर बसलो. तिच्या आजोबांचं त्या भागात शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळे तिला कुणी हटकत नाही. प्रश्न तिनेच ठरवला होता: 'यहाँ आपका कौन-सा काम अटकता है?' बस. दुसरा प्रश्न नव्हता.

बांगड्यांची टोपली घेऊन बसणाऱ्या एका बाईंनी क्षणभरही विचार न करता सांगितलं की त्या सकाळी घरून निघतात ते रात्री घरी जाईपर्यंत पाणी पीत नाहीत. कारण पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर टोपली कुणाच्या भरवशावर सोडायची? शौचालय आहे, पण टोपली डोळ्यांपुढे राहील इतक्या जवळ नाही. म्हणजे ही अडचण नुसतं शौचालय बांधून सुटणारी नाही. ते कुठे बांधता यावर सगळं आहे, आणि ते कुठे हवं हे नकाशा काढणाऱ्याला कळू शकत नाही. ते फक्त टोपलीवालीला कळतं.

एक मराठी आजोबा पेन्शनच्या कामाला बँकेत आले होते. मी मराठीत बोलले तसे खूश झाले. 'कुणाची गं तू?' हा पहिला प्रश्न. मी आडनाव सांगितल्यावर जरा गोंधळले आणि मग म्हणाले, 'असू दे, मराठी बोलतेस ना.' (हे मला आयुष्यभर ऐकायचंय, सवय झालीये.) त्यांचं म्हणणं असं की वाहनं बाहेर ठेवून बाडा पायी चालणाऱ्यांचा करा ही कल्पना तरुणांनी तरुणांसाठी काढलीये. ई-रिक्षा लांब सोडते, गुडघे चालत नाहीत आणि मध्ये टेकायला जागा नाही. 'बाक ठेवा हो. शोभेचे नकोत, पाठ टेकता येईल असे ठेवा.'

साडीच्या दुकानातला सेल्समन म्हणाला, पार्किंग. त्याच्याच दुकानासमोर मोजे विकणारा मुलगा म्हणाला, गाड्या जितक्या कमी तितकं बरं, चालणारा माणूस थांबतो आणि थांबला की घेतो. सेल्समनला दुकानापुढचा फेरीवाला नको असतो, पण त्याचा चहा मात्र त्याच फूटपाथवरच्या चहावाल्याकडून येतो, आणि दुपारी गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायचे असले की तो मोजेवाल्याकडेच जातो. माल वाहणाऱ्या एका ठेलेवाल्याला फक्त एवढंच हवं होतं की सकाळी दोन तास कुठे ठेला लावायचा ते कुणीतरी एकदा नक्की सांगावं. रोज नवा शिपाई, रोज नवा नियम. नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी एक मुलगी ग्रंथालयाबद्दल बोलली. तिथला अभ्यास संपवून निघताना अंधार पडलेला असतो आणि टेम्पो मिळतो तिथपर्यंतची गल्ली तिला नको वाटते. मुख्य चौकात रंगीत दिवे आहेत, गल्लीत पिवळा बल्ब.

ही सगळी उत्तरं एकमेकांशी भांडतात. आजोबांना वाहन जवळ हवंय, मोजेवाल्याला लांब. खरं शहर हेच. फॉर्ममध्ये ही भांडणं दिसत नाहीत, तिथे टक्केवारी दिसते. भांडण दिसलं तर ते सोडवता येतं. म्हाताऱ्यांसाठी ठराविक वेळात ई-रिक्षा आत सोडा, ठेल्यांना सकाळचे तास द्या, उरलेला दिवस चालणाऱ्यांचा. मोजेवाला आणि आजोबा समोरासमोर बसले तर हे त्यांचं तेच ठरवतील, असं मला खरंच वाटतं.

इथे मला माझ्याच लोकांबद्दल थोडं बोलायचंय. विविध धर्मांच्या, भाषांच्या शहरात सूचना घ्यायच्या म्हटलं की प्रशासनाला एक सोपी युक्ती सुचते. प्रत्येक समाजाचा एक एक माणूस बोलवा. एक पंडितजी, एक मौलाना, एक ज्ञानीजी, एक फादर, व्यापारी संघाचे अध्यक्ष, मराठी समाजाचे कुणी ज्येष्ठ. सगळे एका टेबलामागे बसतात, फोटो निघतो, चहा होतो. आम्हा अल्पसंख्याकांना हा फोटो आवडतो, कारण त्यात आपण दिसतो. मला त्याचं वाईटही वाटत नाही, एरवी आम्ही कुठे दिसतो? पण रात्री आठ वाजता टेम्पोकडे जाणाऱ्या मुलीला गल्लीतला पिवळा बल्ब का नको वाटतो, हे फादरांना कसं माहीत असणार? ते मौलानांनाही माहीत नाही. मुलगी कॅथलिक असो की मुसलमान, बल्ब तोच आहे. बाड्यावर माणसं धर्माने वाटलेली नाहीत, ती वेळेने आणि कामाने वाटलेली आहेत. सहाला झाडूवाल्या आणि पेपर टाकणारी मुलं, अकराला कारकून आणि पेन्शनर, चारला शाळा सुटलेली पोरं, सातला चाट खाणारी कुटुंबं. विचारायचं तर या पाळ्यांना विचारावं लागेल. सहाच्या बाडेकरांना दुपारी तीनच्या बैठकीला बोलावलं तर ते झोपलेले असतील.

लोकांचं ऐकायची एक पद्धत मी आमच्याच धर्मग्रामात पाहिलीये. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मप्रांतांत सिनडची सल्लामसलत सुरू केली, ती पुढे 2024 पर्यंत चालली. ग्वाल्हेर धर्मप्रांत 1999 चा आणि आमचा वसईचा 1998 चा, म्हणजे दोन्ही माझ्या पिढीचेच. ग्वाल्हेरच्या आमच्या छोट्या धर्मग्रामात मल्याळी, गोवेकर, तमिळ, छोटा नागपूरकडचे आदिवासी आणि आम्ही एकदोन वसईकर. मोठी सभा झाली तेव्हा नेहमीचेच चार काका बोलले. मग सिस्टरांनी लहान गट केले, बायकांचा वेगळा, तरुणांचा वेगळा, घरकाम करणाऱ्या मुलींचा वेगळा, आणि ज्याला ज्या भाषेत बोलायचं त्या भाषेत बोलू दिलं. लिहून घेतलेलं वर पाठवण्याआधी मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. लोकांनी हात वर करून दुरुस्त्या केल्या. 'मी असं म्हटलं नव्हतं, मी असं म्हटलं होतं.' एवढी साधी गोष्ट. त्या सिनडमधून रोममध्ये काय बदललं आणि काय नाही यावर घरोघरी वाद आहेत, आमच्याही घरी आहेत. पण आपण बोललेलं आपल्याला परत वाचून दाखवतात, हा अनुभव मला महापालिकेच्या कुठल्याही फॉर्मने दिलेला नाही.

वसईकर म्हणून आणखी एक. 1980 च्या दशकाच्या शेवटी वसईचा हिरवा पट्टा बांधकामाला खुला होणार हे कळल्यावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तेच फादर पुढे 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आमच्या घरात त्या मोर्च्यांच्या आठवणी निघतात तेव्हा प्रत्येकजण आपल्या वाडीचं नाव घेऊन बोलतो, 'वसईचा विकास' असं कुणी म्हणत नाही. मुंबईतही तसंच झालं. 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये लोकांसमोर आला आणि लोकांनी आपापली गल्ली शोधली. उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, गावठाणं धड दाखवलेली नाहीत. ईस्ट इंडियन लोक, कोळी, वारसाप्रेमी, सगळ्यांच्या मिळून हजारो हरकती गेल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा नव्याने करायला सांगावा लागला. लोकांना रस नसतो ही तक्रार मी त्यामुळे मानत नाही. हातात नकाशा दिला की रस येतो. स्वप्न दिलं की जांभई येते.

हरकती-सूचनांचा हक्क विकास आराखड्याला कायद्याने आहे. महाराष्ट्रात 1966 चा कायदा, मध्य प्रदेशात 1973 चा. चौकाच्या सुशोभीकरणाला मात्र तसा हक्क नाही. त्याची निविदा निघते आणि एक दिवस पत्रे ठोकले जातात. आत काय होतंय ते पत्रे निघाल्यावर कळतं.

फेरीवाल्यांच्या बाबतीत कायदा वेगळा आहे, आणि तो कुणी वाचत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावे लागतात, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. त्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात एक वाक्य असं आहे की जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले आहेत तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. बाड्याच्या संदर्भात हे वाक्य वाचून बघा. सात इमारती वारसा आहेत हे सगळ्यांना मान्य आहे. बाजारही वारसा असू शकतो, असं संसदेने म्हटलंय. 2020 मध्ये युनेस्कोच्या ऐतिहासिक नागरी भूदृश्य प्रकल्पासाठी ग्वाल्हेर आणि ओरछा निवडली गेली. त्या प्रकल्पामागची जी 2011 ची शिफारस आहे तिच्यात काय जपायचं हे ठरवताना तिथल्या लोकांना सहभागी करून एकमत घडवावं, असं स्पष्ट आहे. कागदावर आपण फार पुढे आहोत.

विक्टोरिया मार्केटचं उदाहरण घ्या. 2010 मध्ये ते आगीत जळालं. पुढे इमारत पुन्हा उभी केली आणि डिसेंबर 2024 मध्ये तिथे भूविज्ञान संग्रहालय सुरू झालं. संग्रहालय चांगलं आहे, शाळेच्या सहली जातात, आणि दगडांबद्दल मला वैर नाही. पण नावात मार्केट असलेल्या वास्तूत आता काहीच विकत मिळत नाही. ती पुन्हा बाजार व्हावी की संग्रहालय की मुलींसाठी रात्री दहापर्यंत उघडी असलेली अभ्यासिका, हा प्रश्न चौकात उभं राहून विचारण्यासारखा होता. आम्ही बसलो त्या दोन संध्याकाळी कुणीही आम्हाला असं सांगितलं नाही की हे मला विचारलं होतं.

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींकडे वळते, कारण ही वेबपत्रिका त्यांच्यापैकी काहीजण नक्की वाचतील. काका-काकूंनो, राग नका मानू. बाड्याचा विषय निघाला की आपल्याकडच्या सगळ्या सूचना भूतकाळात असतात. काय तो बाडा होता! काय ते गणपती असत! नाटकाच्या तालमी, हरिकथा, कृष्णराव पंडितांचं गाणं. ऐकायला मला फार आवडतं. पण भूतकाळ सूचनापेटीत टाकता येत नाही. तुमच्या आठवणीतला बाडा कशामुळे चांगला होता ते वेगळं काढून सांगा ना. बसायला ओटा होता? रात्री उशिरापर्यंत बायका-मुली एकट्या फिरत? गाणं फुकट कानावर पडे? 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं. बाड्यावर आज संध्याकाळी कानावर पडतात ते हॉर्न आणि ऑफर ओरडणारे लाउडस्पीकर. आठवड्यातून एक संध्याकाळ टाउन हॉलच्या पायऱ्यांवर गाण्याच्या शाळांतल्या मुलांनी गावं, ही मागणी एखाद्या मराठी आजींनी केली तर ती आठवण राहत नाही, प्रस्ताव होतो. खर्च एका सतरंजीचा.

पुण्याचा अनुभवही बघण्यासारखा आहे. तिथे महापालिका 2006-07 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावरून जगभर गेलेली ही पद्धत. पुण्यात पाच लाखांपर्यंतची कामं सुचवता येतात: बाक, दिवा, फूटपाथचा तुकडा. तिच्या मर्यादा पुणेकर तुम्हाला न विचारता सांगतील. तरी तिच्यात एक शहाणपण आहे. प्रश्न छोटा आहे आणि त्याच्यापुढे रक्कम लिहिलेली आहे. स्वप्नाला बजेट नसतं, बाकाला असतं.

माझी मागणी त्यामुळे फार मोठी नाही. बाड्यावर पुढचं कुठलंही काम काढण्याआधी टाउन हॉलच्या भिंतीवर त्याचा नकाशा लावा, इतका मोठा की चष्मा न लावता आपली टपरी सापडेल. हिंदीत लावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना समजावून सांगायला पंधरा दिवस माणसं बसवा, सकाळी सहालाही आणि रात्री आठलाही. नकाशाशेजारी दुसरा फलक हवा: कोणती सूचना आली, ती घेतली की नाही, नसेल तर का. 'नाही, पैसे नाहीत' हेही चालेल. 'नाही, कारण इथून पाण्याची मोठी लाइन जाते' हेही चालेल. माणसाला नकार समजतो. त्याला सहन होत नाही ती शांतता. सूचना दिली, धन्यवादाचा मेसेज आला आणि मग काही नाही, असं तीनदा झालं की चौथ्यांदा कोणीही शहाणा माणूस फॉर्म भरत नाही, आणि मग अधिकारी म्हणतात की लोक उदासीन आहेत.

कुणी म्हणेल, ग्वाल्हेरात 66 वॉर्ड आहेत, नगरसेवक आहेत, लोकांचं म्हणणं पोचवायला तेच तर निवडून दिलेत. बरोबर. पण बाड्यावरची निम्मी माणसं त्या वॉर्डात मत देत नाहीत. ती मुरारला राहतात, हजीऱ्याला राहतात, काही तर मुरैन्याहून येतात. बांगडीवाल्या बाईंचा नगरसेवक दुसराच आहे आणि बाड्यावरचं शौचालय त्याच्या हद्दीत येत नाही. शहराच्या मध्यभागाची हीच गंमत असते, तो सगळ्यांचा असतो आणि मतदारयादीत फार थोड्यांचा.

वहीतल्या चार गोष्टी आम्ही हिंदीत टाइप केल्या. टोपल्या लावतात त्या बाजूला बायकांसाठी शौचालय, बँकेच्या वाटेवर पाठ असलेले बाक, ग्रंथालयापासून टेम्पोपर्यंतच्या गल्लीत दिवे आणि ठेल्यांसाठी सकाळच्या वेळेचा लेखी फलक. ज्यांनी सांगितलं होतं त्यांच्यातले जे पुन्हा भेटले त्यांना वाचून दाखवलं. मोजेवाल्याने एक शब्द बदलायला लावला: 'अतिक्रमण' नको, 'दुकान' लिहा. बदलला. मुंबईची गाडी पकडायच्या आदल्या दिवशी एका कार्यालयात तो कागद दिला, आवक शिक्का मारून घेतला. उत्तराची मुदत विचारली तर खिडकीतले गृहस्थ हसले, पण दुसऱ्या प्रतीवर तारीख मात्र स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात घालून दिली. ती प्रत मैत्रिणीकडे आहे. आता दर पंधरा दिवसांनी ती त्या खिडकीवर जाते.